पापाचे भाषांतर आणि समीक्षेची सोय

ख्रिस्ती विचाराविषयी मराठी समीक्षेत एक विधान इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे केले गेले आहे, की ते आता कोणाच्या नावावर नोंदवण्याचीही गरज उरलेली नाही. ख्रिस्ती धर्म माणसाला जन्मतः पापी मानतो आणि भारतीय परंपरा त्याला मूलतः शुद्ध मानते, हे ते विधान. या पायावर मग पुढचे मजले चढतात. पाश्चात्त्य कादंबरीतील अपराधगंड, तेथील शोकात्मिका, आत्मकथनातील कबुलीजबाबाचा सूर ही सारी त्या एका श्रद्धेची फळे ठरतात. आणि आपल्याकडे ती श्रद्धा नसल्यामुळे ती फळेही नाहीत, असा निष्कर्ष कधी खंत म्हणून तर कधी अभिमानाने काढला जातो. निष्कर्षाचा सूर बदलतो, गृहीतक मात्र कोणी तपासत नाही.

या विधानाची वंशावळ शोधू गेल्यास ती निदान शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेपर्यंत जाते. १८९३ च्या सप्टेंबरात हिंदू धर्मावरील निबंध वाचताना विवेकानंदांनी, माणसाला पापी म्हणणे हेच पाप होय, अशा आशयाचे उद्गार काढले होते. तेथे त्या उद्गारांना प्रसंग होता. पारतंत्र्यातील देशाचा एक तरुण संन्यासी मिशनऱ्यांनी कित्येक दशके चालवलेल्या निंदेला त्यांच्याच व्यासपीठावरून उत्तर देत होता. प्रसंग सरला, उत्तर उरले. वादातील प्रत्युत्तराचे समीक्षेतील गृहीतक केव्हा झाले हे कळलेही नाही. प्रत्युत्तराला अर्धसत्य पुरते. संकल्पनेला ते पुरत नाही.

पहिली अडचण अशी, की 'जन्मतः पापी' याचा अर्थ 'स्वभावतः दुष्ट' असा घेतला जातो, आणि नेमका तोच अर्थ ख्रिस्ती परंपरेने तिच्या घडणीच्या काळात नाकारलेला आहे. ऑगस्टीन (३५४–४३०) हा मूळपापाच्या सिद्धांताचा प्रमुख शिल्पकार. हा माणूस सुमारे नऊ वर्षे मानी पंथाचा अनुयायी होता. शरीर आणि जडसृष्टी हे दुष्ट तत्त्वाचे राज्य आहे, असे मानणारा तो पंथ. ऑगस्टीनने तो सोडला तो याच मुद्द्यावर. दुष्टतेला स्वतंत्र द्रव्य नाही; ती चांगल्याची झीज आहे, उणीव आहे; जे निर्माण झाले ते सारे निर्मिती म्हणून चांगलेच आहे, ही भूमिका त्याने पुढे आयुष्यभर लढवली. माणसाचा स्वभाव वाईट नाही, तो जखमी आहे, असे त्याचे म्हणणे. जखमी माणसाला कुजलेला म्हणणे ही वैद्यकातली चूक ठरेल; समीक्षेत ती अभ्यासक्रमात शिकवली जाते.

ऑगस्टीनच्या आत्मकथनाच्या दुसऱ्या भागातील नासपतींच्या चोरीचा प्रसंग साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असतो. सोळा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर शेजारच्या बागेतील फळे चोरतो. भूक नाही, फळे फारशी चांगलीही नाहीत, घरी याहून चांगली आहेत. बहुतेक डुकरांपुढे टाकली जातात. एवढ्याशा चोरीवर पानेच्या पाने खर्च केल्याबद्दल ऑगस्टीनची थट्टा होत आली आहे. पण तो चोरीच्या आकाराकडे पाहतच नाही. लाभ नसताना, गरज नसताना, केवळ करू नये म्हणून एखादी गोष्ट करावीशी का वाटते, हा त्याचा प्रश्न आहे. चोरीला फळ हे कारण नाही. आणि एकटा असता तर आपण ती केली नसती, हेही तो नोंदवतो. सोबत हवी होती. प्रेरणेचे इतके बारीक विच्छेदन पुढच्या मानसशास्त्रीय कादंबरीला उपयोगी पडले असेल, तर ते माणसाला तुच्छ लेखण्यातून आलेले नाही. माणूस स्वतःलाच पुरता कळत नाही, या जाणिवेतून ते आले आहे.

दुसरी अडचण, 'ख्रिस्ती मत' असे एकवचनात बोलण्याची. ऑगस्टीनचा प्रतिपक्षी पेलाजियस हाही ख्रिस्तीच होता. माणसाने ठरवल्यास तो पापावाचून जगू शकतो, आदामाने स्वतःचेच नुकसान केले, वंशाचे नव्हे, असे त्याच्या पक्षाचे मत. कार्थेजच्या सभेने ४१८ साली ते धिक्कारले. पण धिक्कारले म्हणून ते संपले नाही. दर दोन-तीन शतकांनी ते नव्या नावाने परत येते. पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेने आदामाकडून मरणाधीनता आली असे मानले, वारशाने अपराध आला असे मानले नाही. या फरकाच्या मुळाशी एक भाषांतर आहे, ही गोष्ट साहित्याच्या माणसांनी तरी विसरू नये. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाराव्या वचनात ग्रीकमध्ये साधारणतः कारण दाखवणारा जो शब्दप्रयोग आहे, त्याचे लॅटिन रूप 'ज्याच्या ठायी' असे झाले. ऑगस्टीनने ते आदामाकडे लावले आणि अखिल मानवजात आदामाच्या ठायी पाप करती झाली. एका अव्ययाने पश्चिमेचा हजार वर्षांचा विचार वळवला.

सोळाव्या शतकात तर याच प्रश्नावर पश्चिमेचा चर्च दुभंगला. इरॅस्मसने १५२४ साली मुक्त इच्छाशक्तीचा पक्ष घेतला. लूथरने पुढच्याच वर्षी बद्ध इच्छाशक्तीवर ग्रंथ लिहून त्याला उत्तर दिले. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ साली रोमचा निर्णय दिला. बाप्तिस्म्याने मूळपापाचा अपराध धुतला जातो, वासना मात्र उरते. ती उरते ती झुंजीसाठी, आणि जो तिला संमती देत नाही त्याला ती अपाय करू शकत नाही. लूथरच्या मते उरलेली वासना हेच पाप. ट्रेंटच्या मते ते रणांगण. ज्यांना ख्रिस्ती विचारातील दुष्टतेशी झुंज समजून घ्यायची आहे त्यांना हा भेद ओलांडून जाता येणार नाही. कारण मराठीच्या वाट्याला जो पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ आला तो ट्रेंटनंतरच्या एका जेझुइटाने लिहिलेला आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी शोकात्मिकेचा हिशेब चुकता करावा लागेल. तो फार वेळ घेणारा नाही. ग्रीक शोकात्मिका ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातली. मूळपापाच्या सिद्धांताआधी आठ-नऊ शतके ती फुलली आणि ओसरलीही. उलट ख्रिस्ती विश्वदृष्टीत अखेर उद्धार असल्यामुळे तेथे खरी शोकात्मिका संभवतच नाही, असा पक्ष जॉर्ज स्टायनरने १९६१ साली हिरिरीने मांडला. तो पक्ष सर्वस्वी पटण्याजोगा नसला, तरी पापामुळे शोकात्मिका हे समीकरण त्यापुढे टिकत नाही. गोंधळाला एक कारण मात्र आहे. ॲरिस्टॉटल नायकाच्या चुकीसाठी जो 'हामार्तिया' शब्द वापरतो, तोच शब्द पौल पापासाठी वापरतो. मूळ प्रतिमा नेम चुकण्याची. आपल्याकडील काव्यशास्त्रविवेचनात पहिल्याचे भाषांतर 'प्रमाद' किंवा 'स्खलन' असे होते, दुसऱ्याचे 'पाप' असे होते, आणि एकाच शब्दाची ही दोन अपत्ये परस्परांना ओळखेनाशी होतात.

येथे मराठी शब्दाकडे यावे लागते. धर्मशास्त्रातील पाप हे मुख्यतः कृत्य आहे. ब्रह्महत्या, सुरापान, स्तेय, गुरुतल्पगमन आणि असे करणाऱ्यांचा संसर्ग ही पाच महापातके, त्यांखाली उपपातके, प्रत्येकाला नेमून दिलेले प्रायश्चित्त. पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) हा सारा पसारा मांडलेला आहे, आणि त्यावर नजर टाकली तरी ध्यानात येते, की ही खतावणी आहे. नावे बाजू भरली की जमा बाजूने ती फेडता येते. पौल किंवा ऑगस्टीन ज्याविषयी बोलतात ती खतावणी नसून खतावणी लिहिणाऱ्या हाताचा कंप आहे. जे चांगले म्हणून कळते ते हातून होत नाही आणि जे नको तेच होते, ही अवस्था. दुर्योधनाच्या तोंडी घातलेल्या सुप्रसिद्ध श्लोकात ही अवस्था आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही. फरक एवढाच, की आपण ती दुर्योधनाच्या तोंडी घातली आणि पौलाने स्वतःच्या. 'पातक' या शब्दात पडण्याचा, पाडण्याचा धातू आहे. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीने पापासाठी तोच शब्द धरला, यात भाषेची जाण दिसते. पण शब्द घेतला की त्याची खतावणीही सोबत येते. 'मूळपाप' म्हटले की मराठी वाचक विचारतो, मी काय केले? आणि त्या जागी त्या प्रश्नाला उत्तर नसते.

भारतीय परंपरा कोणालाही जन्मतः पापी मानत नाही, या दुसऱ्या अर्ध्या विधानाची परीक्षा मात्र अधिक कठोरपणे व्हायला हवी. गीतेच्या नवव्या अध्यायातील बत्तिसाव्या श्लोकात 'पापयोनि' हा शब्द आहे, आणि शंकराचार्यांचे भाष्य त्याचा अन्वय स्त्रिया, वैश्य व शूद्र यांच्याशी लावते. अन्य भाष्यकारांनी वेगळा अन्वय लावला असला, तरी हा अन्वय कोणा मिशनऱ्याने लावलेला नाही. श्लोकाचा आशय त्यांनाही परमगती आहे असा आहे, हे खरे. पण 'त्यांनाही' या शब्दात जे गृहीत धरले आहे ते लपत नाही. म्हणजे जन्मजात पापाची कल्पना आपल्याकडे नव्हती असे नसून ती काहींपुरती राखून ठेवलेली होती. मूळपापाचा सिद्धांत अप्रिय असेल, पण तो पंक्तिप्रपंच करत नाही. राजा, धर्मगुरू, भिकारी, बाई, सारे एकाच पंगतीत बसतात. आमच्याकडे माणूस शुद्ध असतो असे म्हणणाऱ्या समीक्षकाने तो 'माणूस' कोणत्या दारातून आत येतो, हे एकदा सांगावे.

पंडिता रमाबाईंनी ते सांगितले आहे. रमाबाईंना दोन्ही हिशेब घरचे होते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या त्या मुलीने वर्षानुवर्षे तीर्थे, व्रते, दाने, अनुष्ठाने पाहिली आणि केली; त्यांतच कुटुंबाची पुंजी संपली; १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. पुढे धर्मशास्त्रे वाचताना एका गोष्टीवर सर्व ग्रंथांचे एकमत असल्याचे त्यांना आढळले, ती म्हणजे स्त्रीजात वाईट. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथपर्यंतची हकीकत समाजसुधारणेच्या इतिहासात ठळकपणे येते. १९०७ च्या साक्षनाम्यात मात्र त्या पुढचे सांगतात: बाप्तिस्म्यानंतरही बरीच वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. अमुक कृत्य चुकले असे नव्हे, तर आपली अवस्थाच उद्धाराची गरज असलेली आहे, हे कळायला त्यांना आणखी आठेक वर्षे लागली. येथे आपले चरित्रकार आणि समीक्षक अवघडतात. समाजसुधारक रमाबाई हव्या असतात. स्वतःला पापी म्हणणाऱ्या रमाबाई मानसिक दौर्बल्याच्या किंवा परकीय प्रभावाच्या खात्यावर टाकल्या जातात. ज्या बाईने पापयोनीचे लांच्छन झुगारले तिनेच सर्व मानवांबरोबरचे पापीपण पत्करले, या दोन कृतींत विसंगती दिसते ती 'पाप' हा शब्द दोन्हीकडे एकच आहे म्हणून. पहिल्यात ती खाली लोटली गेली होती. दुसऱ्यात ती सर्वांच्या बरोबरीला आली. ही बरोबरी सुखद नाही, पण बरोबरी आहे.

रेव्हरंड टिळकांबाबत उलट प्रकारची सोय पाहिली जाते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रत्येक लेखात येते, आणि ते आले की लेख संपतो. पूल म्हटले की दोन काठ आले, हे कोणी बोलत नाही. तुकोबा स्वतःला पतित म्हणतात तेव्हा ते विठ्ठलाच्या ब्रीदाला हात घालतात. पतितपावन म्हणवतोस, तर हा मी पतित उभा आहे. तारले नाहीस तर नाव तुझे जाईल. पतितपणा हा येथे भक्ताचा हक्कच होतो. त्यात रुसवा आहे, भांडण आहे, घरगुतीपणा आहे. कोणी कोणाचे मोल भरत नाही. ख्रिस्ती विचारात मात्र मोल भरले जाते. अकराव्या शतकाच्या अखेरीस ॲन्सेल्मने ते ऋण आणि भरपाईच्या भाषेत मांडले. इतरांनी अन्य भाषांत मांडले. पण क्रूस टाळून कोणालाही पुढे जाता आले नाही. टिळकांची कविता या दोन काठांमध्ये कोठे उभी आहे, कोणत्या ठिकाणी ती ब्रीदाची भाषा बोलते आणि कोणत्या ठिकाणी मोलाची, हा खरा समीक्षेचा प्रश्न. 'समन्वय' या शब्दाने तो सोडवला जात नाही, झाकला जातो. लक्ष्मीबाई तर या कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा, आणि 'स्मृतिचित्रे'त पापाच्या भाराखाली वाकलेली बाई शोधूनही सापडत नाही. सोवळेओवळे सुटण्याची कथा सापडते. अपराधगंडाचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी या पुस्तकाचे काय करायचे ते ठरवलेले दिसत नाही.

आता 'क्रिस्तपुराण'. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तेथेच वारला. त्याचे पुराण १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले. १९५६ साली बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली, १९९६ साली द्रागो यांची. सुमारे अकरा हजार ओव्या, पहिले पुराण छत्तीस अवस्वरांचे, दुसरे एकोणसाठांचे. एवढ्या ग्रंथातून मराठी विद्यार्थ्याच्या पदरी काय पडते? मराठीच्या स्तुतीच्या चार-पाच ओव्या. फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी. परक्या माणसाने आपल्या भाषेची तारीफ केली, याचा आनंद इतका मोठा, की त्या भाषेत त्याने काय सांगितले हे ऐकण्याची उसंत कोणाला झाली नाही. अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ आपण दाखल्यासारखा चौकटीत लावून ठेवला आहे.

त्याने सांगितली ती पतनाची कथा. आधी देवदूतांचे पतन, मग आदाम आणि एवेचे, मग त्या पतनाखाली चाललेला इतिहास, मग तारकाचा जन्म. ट्रेंटची झुंज आणि इग्नेशियसच्या साधनेतील दोन निशाणांचे चिंतन पाठीशी असलेल्या लेखकाला ही कथा नरकाच्या धमकीपुरती सांगायची नव्हती. माणसाच्या अंतःकरणात दोन पक्ष लढत आहेत आणि संमती देणारा तो स्वतः आहे, हे सांगायचे होते. त्यासाठी त्याने वैकुंठ घेतले, मोक्ष घेतला, परमेश्वर घेतला. देशीपणाचे कौतुक करणारे येथे थांबतात. चर्चच्या बाजूचे अभ्यासकही अलीकडे येथेच थांबतात; दोन संस्कृतींची मनोहर भेट झाली, असे ते लिहितात. दोघांनाही गैरसोयीचे असे काही या ग्रंथात आहे, आणि ते त्याच्या रचनेत आहे.

पुराण संवादरूप आहे. साष्टीचा ब्राह्मण विचारतो, पाद्री गुरू सांगतो. शंका एकाची, उत्तर दुसऱ्याचे. ज्या सिद्धांताचा आशय सर्व माणसे एकाच जखमेने जखमी आहेत असा आहे, तो येथे अशा संवादातून सांगितला जातो की ज्यात जखम एका बाजूला आणि औषध दुसऱ्या बाजूला आहे. आणि या संवादाबाहेर काय होते? गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले, आणि त्यानंतर कुंकळ्ळीचे गावकर मारले गेले. हे सारे स्टीफन्सच्या हयातीतले, यातले शेवटचे तर त्याच्या गोव्यातील वास्तव्यातले. बाप्तिस्मा झालेल्या माणसातही वासना उरते, अहंकार उरतो, दुष्टता धर्माचे वस्त्र पांघरून येऊ शकते, हे ट्रेंटचे वाचन झालेल्या धर्मगुरूला ठाऊक असणारच. मूळपापाचा सिद्धांत देवळे पाडणाऱ्या हातांना सर्वांत आधी लागू होतो. तो तसा लावला गेला नाही. दुष्टतेला मनातून उचलून देवळात नेऊन बसवले की तिच्याशी झुंजणे सोपे होते. तिला पाडता येते. हे ऑगस्टीनने नाकारलेले मानी द्वैतच मागील दाराने परत आले. पुढे धर्मांतरितांत बामण, चारडो, शूद्र या जाती टिकल्या, पापीपणाच्या बरोबरीचा दावा करणाऱ्या चर्चच्या अंगणात टिकल्या, ही त्याच कथेची पुढची ओवी.

मिशनरी इतिहासावर असे बोट ठेवले की संहितेवर अन्याय होतो, असा आक्षेप येईल. तो उलटा आहे. संहितेतील सिद्धांत गंभीरपणे घेतला तरच हे बोट ठेवता येते. पापाची कल्पना हीच मुळी परकीय आणि विकृत, असे म्हणणाऱ्याला मिशनऱ्यांच्या हिंसेविषयी फक्त राग व्यक्त करता येतो. ती त्यांच्याच शब्दाने तोलता येत नाही. आणि सारे काही सुरेख मीलन होते असे म्हणणाऱ्याला तर तिचा उल्लेखही करता येत नाही. ग्रंथ मात्र दोघांपेक्षा अधिक जाणतो. शंका विचारणाऱ्या ब्राह्मणाच्या तोंडी स्टीफन्सने जे प्रश्न घातले आहेत, ते कोणत्या जागी खरोखर अडचणीचे होतात आणि पाद्री गुरूचे उत्तर कोणत्या जागी प्रश्नाहून तोकडे पडते, याचा ओवी-ओवीने शोध घेणारे वाचन व्हायला हवे.

त्या वाचनाची सुरुवात एका शब्दापासून करता येईल. गोव्याच्या ख्रिस्ती परिभाषेत सैतानाला 'देवचार' म्हणतात. गावकऱ्यांचा देवचार मात्र सीमेवरचा राखणदार. रात्री हातात काठी घेऊन तो गावाभोवती फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, अपमान झाला तर कोपतो. भाषांतराने एका रात्रीत या राखणदाराला मोहात पाडणारा केले. ज्याच्या भरवशावर गाव झोपत असे त्याच्यापासून सावध राहायला सांगितले. गोव्यातील गावांत देवचाराला आजही रोट आणि दारू दिली जाते, आणि देणाऱ्यांत ख्रिस्ती घरेही असतात.